सॅल्मन तेरियाकी

सॅल्मन तेरियाकी हा भाजलेल्या सॅल्मन माशाचा जपानी पदार्थ आहे. सोया सॉस, मिरिन, साके आणि साखर एकत्र आटवून तयार केलेल्या गोड-खारट रसाची झिलई या माशावर चढवलेली असते. 'तेरियाकी' हे मुळात सॉसचे नाव नाही, ते भाजण्याच्या एका पद्धतीचे नाव आहे. मासा आधी जवळजवळ पूर्ण भाजून घेणे आणि अखेरच्या टप्प्यात त्यावर रसाचे पातळ थर देत तो चकाकेपर्यंत आचेवर ठेवणे, हे या पद्धतीचे सार होय. जपानमध्ये निखाऱ्यांवर किंवा तव्यावर होणारी ही कृती विसाव्या शतकात अमेरिकेत रुजली आणि घरगुती ओव्हनमध्येही केली जाऊ लागली. बाटलीबंद सॉसचा प्रसार वाढल्यावर मात्र शब्दाचा मूळ अर्थ मागे पडला. आज जपानबाहेर 'तेरियाकी' हा शब्द बहुधा चवीचे किंवा सॉसचे नाव म्हणूनच वापरला जातो.

नाव आणि व्युत्पत्ती

'तेरियाकी' हा दोन जपानी शब्दांचा समास आहे. 'तेरु' म्हणजे चमकणे या क्रियापदापासून 'तेरी' म्हणजे चकाकी, आणि 'याकु' म्हणजे भाजणे या क्रियापदापासून 'याकी' म्हणजे भाजलेले. 'चकाकी येईल असे भाजलेले' असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. 'याकी' हे पद याकितोरी, सुकियाकी, ताकोयाकी, तेप्पान्याकी अशा इतर अनेक पदार्थांच्या नावांतही आढळते.

झिलईसाठी वापरल्या जाणाऱ्या रसाला जपानीत 'तारे' म्हणतात. ठिबकणे, ओघळणे या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला आहे. मराठीतील 'तारे' या शब्दाशी त्याचे केवळ उच्चारसाम्य आहे. असेच साम्य खुद्द जपानीतही आहे. सॅल्मन मासा आणि तांदळापासून केलेले मद्य या दोहोंना जपानीत 'साके' म्हणतात. दोन्ही शब्दांची चित्रलिपीतील चिन्हे वेगळी आहेत. बोलताना घोटाळा होऊ नये म्हणून माशाला पुष्कळदा 'शाके' असेही म्हटले जाते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

तेरियाकीचा उगम सामान्यतः एदो काळात (१६०३–१८६८) मानला जातो. या काळात एदो, म्हणजे आजचे टोकियो, हे मोठे शहर म्हणून वाढले. त्याच्या आसपासच्या नोदा आणि चोशी या गावांत गडद रंगाच्या सोया सॉसचे उत्पादन भरभराटीस आले. तोवर मुख्यतः गोड पेय म्हणून घेतले जाणारे मिरिन याच काळात स्वयंपाकात वापरले जाऊ लागले. एकीकडे खारट आणि दुसरीकडे गोड, असे दोन आंबवलेले द्रव स्वयंपाकघरात शेजारी शेजारी आले आणि त्यांतून गोड-खारट रस लावून भाजण्याच्या अनेक पद्धती निर्माण झाल्या. ईल मासा भाजण्याची 'काबायाकी' ही पद्धत तेरियाकीची जवळची नातेवाईक होय.

तेरियाकीचा मूळ संबंध माशांशी आहे. सातव्या शतकात सम्राट तेन्मू याने काही प्राण्यांच्या मांसावर बंदी घातली होती. त्यानंतर बौद्ध विचारांच्या प्रभावामुळे जपानमध्ये मांसाहार दीर्घकाळ मर्यादित राहिला. मेजी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ही स्थिती बदलली. त्यामुळे पारंपरिक तेरियाकीत 'बुरी' नावाचा हिवाळ्यात तेलकट होणारा मासा, बांगड्याच्या जातीचे मासे, बोनिटो आणि सॅल्मन यांना प्राधान्य आहे. जपानबाहेर सर्वाधिक प्रसिद्ध झालेले चिकन तेरियाकी त्या मानाने अलीकडचे आहे.

सॅल्मनचे स्थान

सॅल्मन हे एकाच माशाचे नाव नाही. अटलांटिक महासागरातील सॅल्मनची एक प्रजाती असून प्रशांत महासागरात त्याच्या अनेक प्रजाती आढळतात. जपानमध्ये परंपरेने खाल्ला जाणारा मासा म्हणजे प्रशांत महासागरातील चम सॅल्मन. तो प्रामुख्याने उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या परिसरात मिळतो. त्या बेटावरील ऐनू या आदिवासी समाजाच्या आहारात आणि श्रद्धाविश्वात सॅल्मनला मोठे स्थान आहे; त्यांच्या भाषेतील 'कामुय चेप' या त्याच्या नावाचा अर्थ 'देवाचा मासा' असा होतो.

समुद्रातून पकडलेल्या प्रशांत सॅल्मनमध्ये परजीवी असण्याची शक्यता असल्याने जपानी लोक तो कच्चा खात नसत. तो खारवून किंवा भाजून खाण्याचीच प्रथा होती. आज सुशीचा अविभाज्य भाग वाटणारा कच्चा सॅल्मन जपानमध्ये रूढ झाला तो नॉर्वेच्या प्रयत्नांमुळे. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतील अटलांटिक सॅल्मन जपानी बाजारपेठेत नेण्यासाठी विशेष मोहीम हाती घेतली आणि कालांतराने ती यशस्वी झाली. भाजलेल्या सॅल्मनची परंपरा त्याआधीची आहे.

सॅल्मनच्या मांसाचा नारिंगी-गुलाबी रंग अ‍ॅस्टाझँथिन या रंगद्रव्यामुळे येतो. नैसर्गिक अवस्थेत हे द्रव्य माशाला कोळंबीवर्गीय लहान जिवांच्या आहारातून मिळते, तर मत्स्यशेतीत ते खाद्यात मिसळले जाते. मत्स्यशेतीतील अटलांटिक सॅल्मनमध्ये चरबीचे प्रमाण चम सॅल्मनपेक्षा अधिक असते. त्यामुळे तो भाजताना सहसा कोरडा पडत नाही आणि गोड-खारट झिलईशी त्याची चव चांगली जुळते. आज ओव्हनमधील तेरियाकीसाठी तोच अधिक वापरला जातो.

झिलईचे घटक

पारंपरिक रसात चार घटक असतात.

सोया सॉस: सोयाबीन आणि गहू यांवर 'कोजी' ही बुरशी वाढवून ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवले जातात. या काळात प्रथिनांचे विघटन होऊन ग्लुटामेटसह अनेक अमिनो आम्ले मोकळी होतात. रसाची 'उमामी' चव मुख्यतः त्यांच्यामुळे येते. ग्लुटामेट हा या चवीचा आधार असल्याचे किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये दाखवून दिले.

मिरिन: चिकट तांदूळ, कोजी आणि ऊर्ध्वपातित मद्य यांपासून मिरिन तयार होते. कोजी तांदळातील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते. अस्सल मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. त्यातील ग्लुकोज आणि इतर शर्करांमुळे केवळ साखरेच्या तुलनेत अधिक तजेलदार चकाकी येते.

साके: तांदळाचे हे मद्य माशाचा उग्र वास कमी करते आणि रस पातळ ठेवते, त्यामुळे तो करपण्यापूर्वी आटवण्यास अवधी मिळतो.

साखर: ही गोडी आणि दाटपणा वाढवते. मिरिन पुरेसे असल्यास ती अगदी कमी घातली जाते किंवा वगळलीही जाते.

सोया सॉस, मिरिन आणि साके समप्रमाणात, आणि साखर त्यांतील एकाच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी, हे सर्वसाधारण प्रमाण होय. काही कृतींत किसलेले आले घातले जाते. लसूण, मध, तिळाचे तेल आणि अननसाचा रस हे नंतरचे, मुख्यतः हवाई आणि अमेरिकेतील बदल आहेत.

कृती

पारंपरिक पद्धतीत माशाच्या तुकड्या सळईत ओवून निखाऱ्यांवर रसाशिवाय भाजल्या जातात. पृष्ठभाग कोरडा झाला की त्यावर कुंचल्याने रस लावतात, तो आचेवर सुकू देतात आणि पुन्हा लावतात. असे दोन-तीन थर दिले जातात. घरगुती जपानी स्वयंपाकात तवा अधिक वापरला जातो. मासा दोन्ही बाजूंनी भाजल्यावर सुटलेली चरबी पुसून घेतात, मग तव्यातच रस ओततात आणि तो दाट होईपर्यंत चमच्याने माशावर घालत राहतात.

ओव्हनमधील कृतीत हाच क्रम पाळला जातो. चार जणांसाठी सुमारे १५० ग्रॅम वजनाच्या चार तुकड्या, प्रत्येकी ६० मिलिलिटर सोया सॉस, मिरिन व साके आणि २ टेबलस्पून साखर हे प्रमाण पुरते.

१. तुकड्यांना चिमूटभर मीठ लावून १० ते १५ मिनिटे ठेवतात व सुटलेले पाणी टिपून घेतात. या पाण्याबरोबर माशाचा उग्र वास कमी होतो आणि पृष्ठभाग कोरडा झाल्याने झिलई नीट धरते.

२. रस वेगळ्या भांड्यात मंद आचेवर साधारण निम्मा होईपर्यंत आटवतात. तो चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरू लागला की पुरे. मराठी स्वयंपाकातील एकतारी पाकाच्या आधीच त्याला थांबवावे लागते, कारण थंड झाल्यावर तो आणखी दाट होतो.

३. ओव्हन २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तुकड्या कातडीची बाजू खाली ठेवून सुमारे ८ मिनिटे नुसत्या भाजतात.

४. त्यानंतर दर दोन मिनिटांनी रसाचा एक पातळ थर, असे दोन-तीन थर दिले जातात. २.५ सेंटिमीटर जाडीच्या तुकडीस एकूण १२ ते १५ मिनिटे लागतात. पातळ तुकडी याहून लवकर होते.

५. शेवटचे एक-दोन मिनिट केवळ वरची आच देऊन झिलई बुडबुडू दिली जाते. या वेळी ओव्हनपासून दूर जाणे टाळावे लागते, कारण चकाकी आणि करपणे यांत अर्ध्या मिनिटाचेही अंतर नसते.

भाजताना माशावर कधी कधी पांढरट साका दिसतो. ते गोठलेले प्रथिन असून निरुपद्रवी असते. आच फार तीव्र असल्यास किंवा मासा गरजेपेक्षा अधिक वेळ भाजला गेल्यास त्याचे प्रमाण वाढते.

चकाकीमागील विज्ञान

खरखरीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, तर गुळगुळीत पृष्ठभागावरून तो एका दिशेने परावर्तित होतो. आटलेल्या रसातील शर्करा माशाच्या पृष्ठभागावरील खाचा भरून काढून सलग, पारदर्शक पापुद्रा तयार करतात आणि मासा चकाकतो. पातळ थर अनेकदा देण्यामागे हेच कारण आहे. एकाच वेळी ओतलेला जाड रस आतून ओलाच राहतो आणि ओघळून जातो.

रंग आणि सुगंध यांत दोन प्रक्रियांचा वाटा असतो. सोया सॉसमधील अमिनो आम्ले आणि मिरिनमधील शर्करा यांच्यात उष्णतेमुळे घडणाऱ्या प्रक्रियेस, ल्वी-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केल्यामुळे, मायार प्रक्रिया म्हणतात. भाकरीचा खरपूस पापुद्रा आणि भाजलेल्या कॉफीचा गंध यांमागेही तीच असते. दुसरी प्रक्रिया म्हणजे शर्करेचे कॅरमलीकरण. साध्या साखरेत ते सुमारे १६० अंश सेल्सिअसला सुरू होते. मधातील फ्रुक्टोजच्या बाबतीत ते याहून बऱ्याच कमी तापमानाला होते, म्हणूनच मधाची झिलई लवकर करपते.

पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही आणि या प्रक्रिया संथ राहतात. पाणी उडून गेल्यावर मात्र त्या झपाट्याने घडतात. रस आरंभीच लावला तर आतला मासा शिजण्यापूर्वी बाहेरची साखर जळून कडू होते. रस अखेरीस लावण्याचा नियम या कारणाने पाळला जातो.

अन्नसुरक्षा आणि आहारविषयक बाबी

अमेरिकेतील अन्नसुरक्षाविषयक मार्गदर्शनानुसार माशाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ६३ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. तापमापक नसल्यास मांस अपारदर्शक होणे आणि काट्याने सहज पापुद्रे सुटणे ही खूण मानली जाते. अनेक व्यावसायिक आचारी मऊपणासाठी मासा याहून कमी तापमानाला उतरवतात. गर्भवती, वृद्ध, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींसाठी ही पद्धत योग्य नाही.

ज्या रसात कच्चा मासा मुरवला असेल, तो रस न उकळता झिलई म्हणून वापरणे धोक्याचे असते, कारण कच्च्या माशातील जंतू त्यात उतरलेले असतात. झिलईसाठी रसाचा काही भाग आधीच बाजूला काढून ठेवणे हा सोपा उपाय होय. मासा रसात अर्ध्या तासापेक्षा अधिक मुरवण्याचीही गरज नसते. मिठामुळे मांसातील पाणी निघून ते घट्ट होते.

सॅल्मनमध्ये ओमेगा-३ मेदाम्ले आणि ड जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात असते. झिलईत मात्र मीठ आणि साखर दोन्ही भरपूर असतात. एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. प्रौढांनी दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वर दिलेल्या प्रमाणातील सर्व रस खाल्ला गेल्यास एका व्यक्तीच्या वाट्याला जवळजवळ निम्मी मर्यादा येते. उच्च रक्तदाब असलेल्यांनी उरलेला रस भातावर ओतणे टाळणे हिताचे ठरते.

सोया, गहू आणि मासा हे तिन्ही ॲलर्जीकारक पदार्थ यात आहेत. मिरिन व साके यांतील अल्कोहोल आटवल्यावर बरेच उडून जाते, तरी ते पूर्णपणे नाहीसे होतेच असे नाही. मद्य वर्ज्य असलेल्यांसाठी पाणी, साखर आणि थोडा तांदळाचा व्हिनेगर वापरला जातो. त्यात चकाकी किंचित कमी येते.

जपानबाहेरील प्रसार

१८८५ पासून सरकारी कराराखाली मोठ्या संख्येने जपानी मजूर हवाईतील उसाच्या मळ्यांवर गेले. तेथील जपानी कुटुंबांच्या स्वयंपाकात आले, लसूण, तपकिरी साखर आणि अननसाचा रस यांची भर पडून तेरियाकीचे स्थानिक रूप घडले. सोया सॉस बनवणाऱ्या किक्कोमान कंपनीने १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे विक्रीसंस्था स्थापन केली आणि पुढे १९७३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात कारखाना सुरू केला. तयार तेरियाकी सॉसच्या बाटल्या अमेरिकी घरांत पोहोचल्या त्या याच कालखंडात.

सिअ‍ॅटल शहरात तोशिहिरो कासाहारा यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या उपाहारगृहापासून चिकन तेरियाकीची स्वतंत्र शहरी परंपरा सुरू झाली असे मानले जाते. खुद्द जपानमध्ये मोस बर्गर या साखळीने १९७३ मध्ये तेरियाकी बर्गर आणला आणि पुढे मॅकडोनाल्ड्सनेही १९८९ मध्ये तो आपल्या यादीत घेतला.

'आशियाई' झिलई आणि तेरियाकी यांतील फरक

पाश्चात्त्य पाककृतींत गोड-खारट झिलईच्या भाजलेल्या सॅल्मनला सरसकट 'आशियाई' म्हटले जाते. अशा कृतींत सोया सॉसबरोबर मध, लसूण, तिळाचे तेल, चिनी होइसिन सॉस, कोरियन गोचुजांग किंवा श्रीराचा मिरची सॉस एकत्र येतात. हे मिश्रण रुचकर असू शकते, परंतु ते कोणत्याही एका आशियाई देशाच्या परंपरेतील नाही. कॉर्नफ्लॉर लावून दाट केलेला सॉसही तेरियाकीपेक्षा वेगळा ठरतो. त्याचा दाटपणा पिष्टामुळे येतो, तर तेरियाकीचा रस आटवल्यामुळे.

महाराष्ट्रातील संदर्भ

मुंबईच्या मासळी बाजारात आणि उपाहारगृहांत रावस हा मासा 'इंडियन सॅल्मन' या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात त्याचा सॅल्मनशी जवळचा संबंध नाही. रावस वेगळ्या कुळातील असून त्याच्या छातीच्या पराखाली चार सुटे तंतू असतात. त्याचे मांस पांढरे असते, त्यात सॅल्मनचा नारिंगी रंग नसतो. सॅल्मनच्या कुळातील मासे कोकणच्या समुद्रात मिळत नाहीत, त्यामुळे महाराष्ट्रात मिळणारा खरा सॅल्मन बाहेरून आणलेला असतो. भारतात या कुळातील ट्राउट हा मासा काश्मीर व हिमाचल प्रदेशातील थंड पाण्यात ब्रिटिश काळात आणून सोडण्यात आला.

तेरियाकी ही पद्धत असल्याने ती रावसावरही उत्तम साधते. केवळ तो सॅल्मन म्हणून आणि सॅल्मनच्या किमतीला विकला जात नाही ना, हे ग्राहकाने रंगावरून पारखणे आवश्यक आहे. रावस सॅल्मनपेक्षा कमी तेलकट असल्याने भाजण्यापूर्वी त्याला तेलाचा हात लावला जातो. बांगडा आणि सुरमई हे मासे मूळ जपानी पद्धतीतील माशांना अधिक जवळचे आहेत. ते पकडल्यापासून बर्फात न ठेवल्यास त्यांत हिस्टामाइन हे द्रव्य तयार होते. ते भाजल्याने किंवा शिजवल्याने नष्ट होत नाही आणि अंगावर लाली, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होऊ शकतो. गडद आणि सुगंधी झिलईखाली शिळ्या माशाचा वास सहज झाकला जातो. म्हणून मासा ताजा असल्याची खात्री रस लावण्यापूर्वीच करून घेणे इष्ट ठरते.

हे सुद्धा पहा

काबायाकी
मिरिन
उमामी
मायार प्रक्रिया
रावस